लंडन ते न्यूयॉर्क विमानाचं अंतर किती? जाताना आठ तास आणि येताना सातच, असं का?

हिथ्रो ते न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ हे अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर आहे. कुठे ३,४४२ मैल दिसेल, कुठे २,९९१. दोन्ही बरोबर आहेत, दुसरा आकडा सागरी मैलांचा आहे (१ सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी). सपाट नकाशावर पट्टी ठेवून मात्र मोजू नका. न्यूयॉर्क लंडनच्या बऱ्याच दक्षिणेला असूनही सर्वांत जवळची वाट आधी थोडी उत्तरेकडे झुकते, मग आयर्लंडवरून न्यूफाउंडलंडच्या दिशेने जाते. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा, लगेच पटेल.

आता वेळ. पृथ्वी खालून फिरते म्हणून एका बाजूचा प्रवास लवकर होतो, ही समजूत चुकीची आहे. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. फरक पडतो तो जेट स्ट्रीममुळे. साधारण १० किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा हा जोरदार वारा न्यूयॉर्कला जाताना समोरून येतो आणि परतताना पाठीशी असतो. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किमी आणि वारा सरासरी १०० किमी धरला, तर जाताना ५,५४० ÷ ८०० म्हणजे सुमारे ६ तास ५५ मिनिटं, येताना ५,५४० ÷ १,००० म्हणजे सुमारे ५ तास ३२ मिनिटं. प्रत्यक्षात उड्डाणमार्ग रोजच्या वाऱ्यानुसार आखतात. जाताना वारा टाळायला विमान बऱ्याचदा उत्तरेकडून वळसा घेतं, त्यामुळे कापलेलं अंतर ५,५४० पेक्षा जास्तच भरतं. हिवाळ्यात हा वारा सर्वांत जोरात असतो. ९ फेब्रुवारी २०२० रोजी ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ५ तासांच्या आत पोहोचलं होतं, ते याच वाऱ्याच्या जोरावर.

तिकिटावरचे आठ-सात तास मात्र गेट ते गेट असतात. धावपट्टीपर्यंतची रांग, चढण, उतरण आणि गर्दीसाठी राखलेला वेळ त्यात धरलेला असतो.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या घड्याळाच्या हिशेबात. तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात आणि न्यूयॉर्क एरवी ५ तास मागे असतं. लंडनहून सकाळी १०ला निघून दुपारी १ला पोहोचलात तर ३ अधिक ५, म्हणजे ८ तास. रात्री ८ला न्यूयॉर्क सोडून दुसऱ्या दिवशी सकाळी ८ला लंडन, तर १२ वजा ५, म्हणजे ७ तास. पण उन्हाळी वेळेसाठी अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे होतात आणि ब्रिटनमध्ये शेवटच्या रविवारी, म्हणून मधल्या दोन-तीन आठवड्यांत फरक ४ तासांचाच राहतो. घड्याळं परत मागे घेताना, ऑक्टोबरचा शेवटचा रविवार ते नोव्हेंबरचा पहिला रविवार या दिवसांतही तसंच. तेव्हा प्रवास असेल तर ५ऐवजी ४ धरा.