आधी साक्षीदार बोलवा

प्रश्न : ताई, सा. न. कोयलीच्या रिफायनरीत नोकरी केली, शिफ्टला कधी उशीर झाला नाही. विजेचं बिल अजूनही आलं त्याच दिवशी भरतो. पण निवृत्तीनंतर ‘घराचं काम’ असं लिहून ठेवलेली एक फाईल आहे, ती काही पुढे सरकत नाही. मृत्युपत्र करायचं आहे. शिवाय घडियाळी पोळ या जुन्या वस्तीतलं आमचं घर अजून वडिलांच्याच नावावर आहे, त्याची वारसाई, म्हणजे वारसांची नावं लावणं, व्हायची आहे. दर वेळी काहीतरी आडवं येतं. उत्तरायणाला पाहुणे, मग लग्नसराई, मग गणपती. पितृपक्षात मृत्युपत्राचं नाव काढलं तर बायको भडकली. नवरात्र संपतं तोच दिवाळी. खरं सांगायचं तर फाईल उघडली की दडपण येतं. फ्लॅट मी स्वतःच्या पैशाने घेतला आहे. तो मुलीला द्यावासा वाटतो, कारण आमचं आणि माझ्या आईचं तीच करते. मुलगा पुण्याला चांगला स्थिरावलाय, पण त्याला वाईट वाटेल. मला एवढं का जमत नाही?
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : भाऊ, विजेचं बिल वेळेवर भरणारा माणूस आळशी नसतो. बिल भरताना कुणाला दुखवावं लागत नाही, म्हणून ते होतं. तुमच्या फाईलवर नाव आहे ‘घराचं काम’, आणि आत तीन वेगळी कामं आहेत : पोळमधल्या घराची वारसाई, फ्लॅटचं मृत्युपत्र आणि मुलाशी बोलणं. त्यातलं तिसरं तुम्हाला नको आहे आणि त्याच्यापायी बाकीची दोन अडकून पडली आहेत.

मुलाशी बोलणं आधी बाजूला काढा. मृत्युपत्र लिहिताना ते कुणाला वाचून दाखवावं लागत नाही. पुढे सांगावंसं वाटलं तर सांगा, मी तर सांगाच म्हणेन. पण ती सहीची पूर्वअट नाही.

आता लिहिलं नाही तर काय होतं ते ऐका. आई हयात आहेत हे तुम्ही ओघात लिहून गेलात. मृत्युपत्राशिवाय हिंदू पुरुष गेला तर १९५६च्या वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई यांना सारखा वाटा मिळतो. म्हणजे फ्लॅटचा चौथा हिस्सा आईंचा. त्यांच्या पश्चात, त्यांचंही मृत्युपत्र नसेल तर, त्या हिश्श्यात तुमचे भाऊ-बहीण आले. मुलाला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही थांबलात, आणि फ्लॅटमध्ये उद्या तुमचे पुतणेसुद्धा उभे असतील! सोसायटीत मुलीचं नॉमिनेशन केलंय म्हणून निश्चिंत असाल तर तेही सोडा. नॉमिनी सांभाळणारा असतो, तेवढ्याने मालक होत नाही.

वडोदऱ्याच्या जुन्या ‘न्यायमंदिर’ इमारतीत कोर्ट भरायचं तेव्हापासून मी वकिली केली. मृत्युपत्र पुढे ढकलणारे अशील पुष्कळ पाहिले. त्यातले बरेचसे अतिशय काटेकोर लोक. एक गृहस्थ दर दिवाळीनंतर नवा मसुदा घेऊन यायचे. तांब्याचा बंब थोरल्याला की धाकट्याला, हे त्यांचं ठरेना. ते गेले तेव्हा कपाटात सुवाच्य अक्षरातले मसुदे निघाले आणि सही एकावरही नव्हती. कायद्याच्या लेखी ती रद्दी. बंब अखेर कुणालाच नको होता, भांडण झालं ते फ्लॅटवरून.

त्यांना मी जे सांगत असे तेच तुम्हाला सांगते. शेवटी एक ओळ घाला : ‘यात नमूद न केलेली माझी इतर सर्व मालमत्ता अमुक व्यक्तीला मिळावी.’ बंब, भांडी, विसरलेली एफडी, सगळं त्यात येतं. मग यादी पूर्ण होण्याची वाट पाहायला नको. मत बदललं तर नवं मृत्युपत्र करा, जुनं रद्द केल्याचं त्यात लिहा. साधा कागद चालतो, हाताने लिहिलेलं चालतं, स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. (मी नोंदणी करा म्हणते, पण त्यासाठी सही अडवू नका.) मृत्युपत्राबद्दलच्या १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने मागितलंय ते एवढंच : तुमची सही, आणि ती पाहून तुमच्यासमोर सही करणारे किमान दोन साक्षीदार.

हे साक्षीदारच तुम्हाला कामाला लावतील. लोक आधी मसुदा करतात आणि मग साक्षीदार शोधतात. तुम्ही उलट करा. कमाटी बागेत सकाळी फिरायला बरोबर येणारे दोघे असतीलच, तुमच्यापेक्षा वयाने लहान असले तर उत्तम. ज्याला काही मिळणार आहे तो मात्र नको. त्यांना आजच फोन करा : येत्या रविवारी अकराला घरी या, एका कागदावर सह्या हव्यात. बायकोला शेवउसळीचं सांगून ठेवा. शिफ्टला वेळेवर पोचणारा माणूस घरी आलेल्या दोघांना कागदाशिवाय परत पाठवणार नाही, हे मी खात्रीने सांगते. कोर्टात काय वेगळं होतं? तारीख पडेपर्यंत आम्ही वकीलसुद्धा फाईलला हात लावत नाही.

पीटर गॉलवित्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये याबद्दल लिहिलं होतं. ‘हे करायचं आहे’ एवढ्यावर ठेवलेलं काम मागे पडतं. ‘अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक झालं की हे करीन’ असं बांधलेलं काम पार पडण्याची शक्यता वाढते. तेव्हा शनिवारी संध्याकाळी चहाचा कप खाली ठेवला की जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसा. फाईल उघडू नका. फ्लॅटचा नंबर तुम्हाला पाठ आहे.

वारसाईची घाई नाही, आणि ती झाली नाही म्हणून मृत्युपत्र अडत नाही. पोळमधल्या घरातला तुमचा जो हिस्सा असेल तो तुम्ही आजही कुणाला लिहून देऊ शकता; सिटी सर्व्हेच्या कार्डावर नाव चढणं ही नोंद आहे, मालकी तिच्यावर ठरत नाही. त्या कामाला आईंच्या आणि भावा-बहिणींच्या सह्या लागतील, पेढीनामा (वंशावळ) लागेल, खेपा होतील. ते सवडीने करा. दिवाळीत सगळे जमतील तेव्हा कागदपत्रांची पिशवी पुढे ठेवा, फराळाच्या आधी.

आणि सही झाल्यावर कागद एकट्याच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नका. तुमच्या पश्चात तो लॉकर उघडायला बँक तोच कागद मागू शकते. घरातच ठेवा आणि कुठल्या कप्प्यात आहे ते मुलीला सांगा.