दोन वेगळ्या पानांविषयी

चि. ईरास अनेक आशीर्वाद.

परवा दिव्यांच्या अवसेला मी दोन पाने वेगळी वाढली, तेव्हा तू विचारलेस, "बाबा, तू त्यांना कधी पाहिलंच नाहीस, मग तुला वाईट कसं वाटतं? आपण वाईट वाटल्याचं नाटक करतो का?" प्रश्न मनाला लागला, म्हणून सावकाश लिहितो आहे.

ती पाने तात्याआजोबांची आणि बाळकाकांची, म्हणजे माझ्या आजोबांच्या, आप्पांच्या, थोरल्या भावाची आणि पुतण्याची. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला महिनाही उरला नसताना, ते दोघे अवसेसाठी गावी यायला म्हणून सकाळी भाऊच्या धक्क्यावर 'रामदास' बोटीत बसले. रेवस बंदर गाठण्याआधीच काश्याच्या खडकाजवळ, ऐन पावसाळ्याच्या खवळलेल्या समुद्रात, बोट कलंडली आणि ६०० हून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती, त्यामुळे मुंबईला कितीतरी वेळ काही कळलेच नाही. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी हाताला लागली तेवढी माणसे होड्यांत ओढून घेतली. आपली दोघे त्यांत नव्हती आणि पुढेही सापडली नाहीत.

मला आठवते ती थोरली आजी, तात्याआजोबांची बायको आणि बाळकाकांची आई. अवसेच्या आदल्या दिवशी ती आम्हा मुलांना पडवीत बसवून समया, निरांजने आणि आप्पांचा जुना कंदील घासायला लावी. चिंचेने हात आंबट होत, आणि ती मात्र बाळला कणकेचे गोड दिवे किती आवडत, तो तुपासाठी कसा हटून बसे, हे काल घडल्यासारखे सांगत राही. देह न मिळाल्यामुळे तिने रिवाजाप्रमाणे बारा वर्षे वाट पाहिली आणि तोवर कुंकू लावले. त्यानंतर पळसाच्या पानांचे पुतळे करून दोघांचे दहन केले, हे मी बयोआजीकडून ऐकले. ते सांगताना बयोआजीचा स्वर फार जपून असे.

बारा वर्षे! लहानपणी मला त्यात माया दिसे, कारण एवढा काळ कोणीही तिला "ते गेले" असे म्हणायला लावले नाही. आता, तुझी आई आणि मी इतक्या दूर राहत असताना, वाटते की दर पावसाळ्यात दाराकडे डोळे लावून बसायला लावणारी ती रीत क्रूरही असावी. मला अजून नीट ठरवता आलेले नाही, आणि तू ठरवावेस असा आग्रहही नाही.

तेव्हा नाटक म्हणशील तर ते नव्हे. तात्याआजोबांना मी ओळखत नाही, हे तुझे म्हणणे खरेच आहे. पण त्यांच्यासाठी पान वाढताना जिचा हात थरथरे तिला मी ओळखत होतो, तिच्या मांडीवर झोपलो होतो, आणि मला वाईट वाटते ते तिच्यासाठी. तिच्यामागे बयोआजीने पाने वाढली, मग आईने, आणि आता इथे मी वाढतो, इतकेच.

पुढच्या वर्षी तुला त्या वेळी शेजारी बसावेसे वाटले नाही तर बसू नकोस, मी रागावणार नाही. बाळकाकांविषयी आणखी काही विचारायचे असेल तर कुमुदआत्याला फोन कर. ती त्यांच्या मांडीवर खेळलेली आहे, आणि दुपारी जेवण आटोपल्यावर ती निवांत बोलते.

तुझा,
बाबा