ताप हटत नाही आणि गोठ्यात गाय गाभडलीय

प्रश्न : महिना झाला, रोज संध्याकाळी ताप चढतो, घामाने अंथरूण भिजते, कंबर धरते. मलेरिया, डेंग्यू, विडाल सगळे निगेटिव्ह. दोन महिन्यांपूर्वी आमची गाय गाभडली, अडकलेली वार मीच हाताने काढली. आता कोणती तपासणी करू?

वार काढल्याचे डॉक्टरांना सांगितलेत का? नसेल तर आजच सांगा, कारण ब्रुसेलोसिसचा, म्हणजे ब्रुसेला जंतूमुळे जनावरांकडून माणसाला होणाऱ्या आजाराचा, संशय तिथेच येतो. ही तपासणी तापाच्या नेहमीच्या यादीत सहसा नसते. डॉक्टरांनी नाव घालून लिहावी लागते. आधी ‘रोज बेंगाल’ नावाची तपासणी : तुमच्या सीरमचा (रक्तातल्या पातळ द्रवाचा) थेंब आणि गुलाबी रंगवलेले मृत जंतू काचेवर मिसळतात. चार मिनिटांत कण जमले, तर जंतूंविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडे (अँटिबॉडी) आहेत. मग नळीतली एसएटी तपासणी : सीरम टप्प्याटप्प्याने पातळ करत कण कुठवर जमतात ते पाहतात, तो आकडा म्हणजे टायटर. लक्षणे असताना टायटर १:१६० किंवा जास्त आला, तर तो सहसा महत्त्वाचा धरतात. आणि रक्ताचे कल्चर (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) अँटिबायोटिक सुरू होण्याआधीच घ्यायला लावा.

प्रश्न : वडिलांची एसएटी निगेटिव्ह आली, तरी डॉक्टर पुन्हा करा म्हणतात. पैसे वाया नाही का?

नाही. प्रतिपिंडे फार जास्त असली की कमी पातळ केलेल्या सीरममध्ये जंतूंचे कण जमतच नाहीत आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. याला प्रोझोन म्हणतात. लॅबने सीरम १:१२८० पर्यंत पातळ करून पाहिले का, ते विचारा. आजार अगदी नवा असेल, तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरा नमुना द्यावा. टायटर चौपट झाला तर निदानाला बळ मिळते.

प्रश्न : कल्चरच्या फॉर्मवर संशयित आजार लिहिलाच पाहिजे का? मी छोट्या लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे.

हो, आणि याबाबत मी आग्रही आहे. ब्रुसेला हळू वाढतो. जुन्या पद्धतीच्या बाटल्या चार ते सहा आठवडे सांभाळाव्या लागत. ऑटोमेटेड यंत्रात बहुधा आठवडाभरात कळते. पण खरी गोष्ट तुमच्या जिवाची आहे. उघड्या टेबलावर प्लेट हुंगली, वसाहत ढवळली, तर हवेत उडालेले सूक्ष्म तुषार श्वासावाटे आत जातात. प्रयोगशाळेतच लागण होणाऱ्या आजारांत हा फार वरचा आहे. फॉर्मवर दोन शब्द असले, की बाटली सुरक्षा कॅबिनेटमध्येच उघडली जाते. फॉर्म कोरा आला, तर डॉक्टरांना फोन करून विचारा. कुणी हसले तरी विचारा.

प्रश्न : डॉक्सीसायक्लिन आणि रिफाम्पिसिन सहा आठवडे घेतले, बरे वाटते, पण टायटर अजून १:१६०. आजार उरला का?

केवळ त्या आकड्यावरून नाही. प्रतिपिंडे कित्येक महिने रेंगाळतात, पीसीआरही बरे झाल्यावर पॉझिटिव्ह राहू शकतो. ताप, सांधेदुखी परतली किंवा टायटर पुन्हा चढू लागला, तरच काळजी करा.

प्रश्न : वासरांना ब्रुसेलाची लस टोचताना सुई बोटात घुसली. आता?

ती जिवंत लस आहे. जखम साबणाने धुवा, लसीची कुपी घेऊन आजच डॉक्टरांकडे जा आणि आजच्या रक्ताचे सीरम लॅबमध्ये जपून ठेवायला सांगा. पुढच्या तपासण्या त्याच्याशीच ताडून पाहायच्या आहेत.