कान वाहणाऱ्या मुलीसाठी तज्ज्ञ कसा निवडावा?

प्रश्न : आम्ही निपाणीजवळच्या एका खेड्यात राहतो. माझ्या अकरा वर्षांच्या मुलीचा डावा कान गेली तीन वर्षे अधूनमधून वाहतो. थेंब घातले की थांबतो आणि सर्दी झाली की पुन्हा सुरू होतो. वर्गात मागच्या बाकावर बसल्यावर नीट ऐकू येत नाही, असेही ती आता सांगते. एका डॉक्टरांनी पडदा बसवावा लागेल, असे सांगितले आहे. नातेवाइकांपैकी कोणी कोल्हापूरला जा म्हणतात, कोणी बेळगावला, तर कोणी मिरजेला. चांगला कान-नाक-घसा तज्ज्ञ कसा ओळखावा?

उत्तर : गाव कोणते, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. आधी या कानाची नीट तपासणी कोणी केली आहे का, ते आठवून पाहा. पूने भरलेल्या कानात बॅटरी मारून पडद्याविषयी काहीही सांगता येत नाही. तज्ज्ञाने बारीक नळीच्या यंत्राने पू ओढून घेऊन किंवा कापसाच्या काडीने टिपून कान कोरडा करायला हवा आणि मग सूक्ष्मदर्शकातून किंवा दुर्बिणीतून पडदा पाहायला हवा. कान साफ न करताच शस्त्रक्रियेची तारीख देणाऱ्या डॉक्टरांकडे, त्यांचे नाव कितीही मोठे असले तरी, मी माझ्या घरातले मूल सोपवणार नाही.

ही तपासणी महत्त्वाची आहे, कारण कान वाहण्याचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत आणि दोहोंचे उपचार वेगळे आहेत. पहिल्या प्रकारात पडद्याच्या मधल्या भागाला भोक असते, स्राव पातळ किंवा बुळबुळीत असून पुष्कळ येतो, त्याला फारसा वास नसतो आणि सर्दीबरोबर तो वाढतो. आपल्या वर्णनावरून मुलीचा आजार या प्रकारचा असण्याची शक्यता अधिक वाटते, मात्र पत्रावरून निदान करता येत नाही. दुसऱ्या प्रकारात स्राव थोडाच येतो, पण त्याला घाण वास येतो आणि क्वचित त्यात रक्तही दिसते. या प्रकारात कानाच्या आत त्वचेचा थर साठत जातो, त्याला कोलेस्टिअटोमा म्हणतात, आणि तो आजूबाजूचे हाड हळूहळू कुरतडत जातो. ऐकण्याची नाजूक हाडे, चेहऱ्याची नस, तोल सांभाळणारा आतला कान आणि क्वचित प्रसंगी मेंदूपर्यंतही त्याची झळ पोहोचू शकते. तिथे नुसता पडदा बसवून भागत नाही. कानामागचे मास्टॉइडचे हाड उघडून रोग काढावा लागतो. कान वाहत असताना तोंड वाकडे झाले, चक्कर येऊ लागली, कानामागे सूज आली किंवा तापाबरोबर जोराची डोकेदुखी व उलट्या सुरू झाल्या, तर तज्ज्ञाची निवड करत बसू नये. त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

पडदा बसवण्याची शस्त्रक्रिया सुचवण्यापूर्वी दोन्ही कानांची ऑडिओमेट्री, म्हणजे बंद खोलीत हेडफोन लावून केलेली श्रवणचाचणी, झालेली असावी. हाडात रोग असल्याची शंका असेल तर सीटी स्कॅनही सांगितला जातो. मग डॉक्टरांना सरळ विचारावे : हा आजार कोणत्या प्रकारचा आहे? शस्त्रक्रिया कान कोरडा व्हावा म्हणून आहे, ऐकू यावे म्हणून आहे, की दोन्हींसाठी? बसवलेला पडदा धरला नाही, म्हणजे जुळून आला नाही, तर पुढे काय? कानाच्या शस्त्रक्रिया आपण नेहमी करता का, आणि ही शस्त्रक्रिया आपण स्वतः करणार का? शेवटचा प्रश्न विचारायला लोक संकोचतात, पण तो विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. कान-नाक-घसा हा एकच विषय असला तरी कोणाचा हात कानावर बसलेला असतो, कोणाचा सायनसवर, तर कोणी घशाच्या कर्करोगाचे काम अधिक करतात. जो डॉक्टर ‘हे काम माझ्यापेक्षा अमक्यांकडे करा’ असे सांगून चिठ्ठी देतो, त्याच्यावर अधिक विश्वास ठेवावा, असे माझे मत आहे.

पदवीची खात्री करणे सोपे आहे. एमबीबीएसनंतर ईएनटी, म्हणजे कान-नाक-घसा, या विषयात तीन वर्षांची एमएस किंवा डीएनबी, अथवा दोन वर्षांची डीएलओ ही पदविका घेतलेली असावी. औषधाच्या चिठ्ठीवर राज्य वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक छापलेला असतो, तो पाहावा.

आता गावाविषयी. बेळगावात १९६३ साली सुरू झालेले जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे केएलई रुग्णालय आहे, तसेच बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे जिल्हा रुग्णालय आहे. कोल्हापूरला सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे आणि मिरजेलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. यांपैकी कोठेही आपल्या मुलीची सुरुवातीची तपासणी नीट होऊ शकते. मात्र कानाचे काम एका फेरीत संपत नाही. शस्त्रक्रियेनंतर टाके आणि कानातली पट्टी काढण्यासाठी, नंतर पडदा धरला का हे पाहण्यासाठी आणि काही महिन्यांनी पुन्हा श्रवणचाचणीसाठी जावे लागते. मास्टॉइडची शस्त्रक्रिया झाल्यास कानातली पोकळी वर्षानुवर्षे अधूनमधून साफ करून घ्यावी लागू शकते. त्यामुळे दोन ठिकाणचे डॉक्टर सारखेच पसंत पडले, तर जिथे एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी घरी परतता येते ते ठिकाण निवडावे. निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ पडते, ही गोष्ट क्षुल्लक नाही.

पण निपाणी व बेळगाव कर्नाटकात, तर कोल्हापूर व मिरज महाराष्ट्रात आहेत आणि खर्चाचे गणित राज्याची हद्द ओलांडताच बदलते. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेखालील, कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. मात्र तातडीची स्थिती नसेल तर आधी सरकारी रुग्णालयातून पुढे पाठवल्याची चिठ्ठी घ्यावी लागते. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला. आपले गाव त्या यादीत आहे का आणि प्रत्यक्षात कोणते कागद चालतात, हे कोल्हापूरच्या रुग्णालयातील योजनेच्या खिडकीवर मुलीला नेण्याआधीच विचारून यावे.

भाषेविषयी आपण लिहिले नाही, तरी सांगतो. बेळगावचे बहुतेक डॉक्टर मराठीत बोलतात, पण संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत पुढे आले तर मजकूर मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नये.

तोवर कानात तेल, लसणाचा रस किंवा कोणी दिलेले उरलेसुरले थेंब घालू नका. पडद्याला भोक असताना काही थेंबांतील औषधे आतल्या कानाला इजा करू शकतात. कानात पिचकारीने पाणी मारून घेऊ नका. न्हाताना व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी ठेवा. सुट्टीत मुले विहिरीवर पोहायला गेली, तरी तिला पाण्यात उतरू देऊ नका. आणि उद्याच शाळेत जाऊन बाईंना सांगा की, तिला पहिल्या बाकावर, उजवा कान बाईंकडे होईल असे बसवावे.

प्रश्न : माझ्या ७२ वर्षांच्या वडिलांना दोन्ही कानांनी हळूहळू कमी ऐकू येऊ लागले आहे. शहापुरातील एका दुकानात मोफत तपासणी करून लगेच श्रवणयंत्र देतो म्हणतात. तज्ज्ञाकडे जाणे आवश्यक आहे का?

उत्तर : होय, आणि यंत्र घेण्याआधीच जावे. मळाचा घट्ट खडा बसल्यानेही वृद्धांना कमी ऐकू येते आणि तो काढला की काम भागते. पडद्यामागे पाणी साठलेले असेल किंवा एकाच कानाने फार कमी ऐकू येत असेल, तर त्याचे कारण आधी शोधायला हवे. तज्ज्ञाने कान पाहिल्यावर ऑडिओमेट्री करून घ्यावी आणि यंत्र भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या श्रवणतज्ज्ञाकडूनच लावून घ्यावे. यंत्र चाचणीच्या आलेखानुसार जुळवून देतात का, आणि विकत घेण्याआधी काही दिवस वापरून पाहू देतात का, हे दुकानात विचारावे. एखाद्या सकाळी अचानक एका कानाने ऐकू येणे बंद झाले, तर मात्र थांबू नये. अशा बहिरेपणावरील औषध पहिल्या काही दिवसांतच सर्वाधिक उपयोगी पडते आणि दोन आठवड्यांनंतर त्याचा गुण येण्याची शक्यता बरीच कमी होते.