ज्या बाजूची जमीन, त्या बाजूचा एजंट

प्रिय बाय,

काल पडवीत बसून तू मोबाईलवर घरांचे व्हिडिओ दाखवत होतीस आणि मी गप्प राहिलो, म्हणून हे पत्र. मोपा विमानतळावर नोकरी, पेडण्यात घर परवडत नाही आणि पत्रादेवीची सीमा ओलांडली की महाराष्ट्रात, बांद्याच्या बाजूला त्याच पैशात अंगण-विहिरीचं घर दिसतं. तुझा हा हिशेब मला पटला. खटकला तो एजंट. "काका, तो दोन्हीकडचं बघतो," असं तू कौतुकाने म्हणालीस आणि माझ्या पोटात गोळा आला.

ज्या बाजूची जमीन, त्या बाजूचा एजंट धर.

2004 मध्ये मी महाराष्ट्रातल्या दोडामार्ग तालुक्यात घर घेतलं ते गोव्यातल्या डिचोलीच्या एजंटामार्फत. माणूस सज्जन, ओळखीतला. एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्याचा जमिनीचा कागद, त्याला तोंडपाठ. कूळ कुठे लागलंय, मुंडकाराचं, म्हणजे मालकाच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं, घर कुठल्या कोपऱ्यात येतं, सगळं बोट ठेवून सांगायचा. महाराष्ट्राचा सातबाराही त्याने त्याच डोळ्यांनी वाचला. तलाठ्याच्या निळ्या शाईत सगळ्यात वर विकणाऱ्याचं नाव होतं, तेवढं बघून म्हणाला, "क्लिअर आहे." खाली बारीक अक्षरात आणखी तीन नावं होती आणि पुढे ‘सामाईक’. मी मराठीचा मास्तर. तो शब्द मी वाचला आणि तरीही विचारलं नाही, हे मला आजही सलतं. पुढच्या चवथीला, गणपतीवर फळं-पानं टांगलेल्या माटोळीखाली उभं राहून, मुंबईहून आलेल्या विकणाऱ्याच्या दोन भावांनी आणि एका बहिणीने आपला हिस्सा मागितला. नऊ वर्षं कोर्टात गेली.

लोक म्हणतात, तेव्हाच पैसे परत घेऊन निघायला हवं होतं. का निघायचं? पायरीचा चिरा न चिरा मी निवडून आणला होता. तिघांचे हिस्से पुन्हा मोजून दिले, पण घर सोडलं नाही. तुझी काकी त्या पडवीत शेवटपर्यंत समाधानाने बसली. त्यामुळे घर घेतलं याचा पश्चात्ताप मला नाही, आजही नाही. चुकलं ते माणूस निवडणं.

आणि हे एका माणसाच्या हुशारीवर अवलंबून नाही, म्हणून इतकं ओरडून सांगतोय. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा कौटुंबिक कायदा चालतो. विकणारा नवरा असेल तर बायकोची सही लागतेच. महाराष्ट्रात तो कायदा नाही. तिथे वडिलोपार्जित जमिनीत बहिणींचा वाटा आहे का, वाटणी झाली का, फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याची नोंद, कधी पडला, हे शोधावं लागतं. तिथली जमीन शेतीची निघाली तर शेतकरी असल्याचा पुरावा लागेल, नाहीतर सरकारी परवानगी. गोव्यातही 2023 च्या कायद्याने शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर बंधनं आली आहेत, पण नियम वेगळे, कचेऱ्या वेगळ्या. नवीन प्रकल्पातला फ्लॅट दाखवत असेल तर 2016 च्या रेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांच्या, कायद्याप्रमाणे एजंटाची नोंदणी हवी आणि ती राज्यापुरती असते. गोव्याचा नंबर दाखवून महाराष्ट्रातला फ्लॅट विकायला निघाला तर तिथूनच माघारी फिर.

तू म्हणशील, दोन्हीकडचं खरंच कळणारा कोणी असेलच की. असेल. तू त्याला कशी ओळखणार? तुला स्वतःला अजून दोन्हीतलं एकही कळत नाही! रागावू नकोस, मीही तसाच होतो.

बांद्याचा किंवा सावंतवाडीचा एजंट गाठ. व्हिडिओ बघू नकोस, सातबारा त्याच्या हातात दे आणि मोठ्याने वाच म्हण. जो आधी ‘इतर हक्क’ या रकान्यावर, जिथे दुसऱ्यांचे हक्क नोंदलेले असतात, बोट नेईल, त्याच्याशी पुढचं बोल. जो विहिरीचं पाणी किती गोड आहे ते सांगत बसेल, त्याला चहा पाजून उठ. एखाद्याने "गोव्याकडचं मला नाही कळत" असं कबूल केलं तर त्याचा नंबर जपून ठेव. विकणाऱ्याचाच एजंट तुझा म्हणून घेऊ नकोस आणि वकीलही त्याने सुचवलेला नको.

टोकन दिलं नसशील अशी आशा आहे. दिलं असशील तर आजच सांग, लपवू नकोस, मी ओरडणार नाही. रविवारी सातबारा, फेरफार आणि आठ-अ म्हणजे खातेउतारा घेऊन ये. माझा चष्मा नवीन आहे, बारीक अक्षरं नीट दिसतात.

तुझा,
काका