चार पानं जास्तीची आण

फोंड्याहून एकीचं पत्र आलंय. मुलगी चार वर्षांची, मुलगा सात, दोघांनाही किचनमध्ये लुडबुडायची भारी हौस. ही ऑफिसातून सातला येते आणि त्यांना चपात्या लाटायला बसवते. सासूबाईंचं म्हणणं पीठ सांडतं, आणि मुलगा काय आचारी होणार आहे काय? परवा धाकटीचा हात गरम टोपाला लागला, सासूबाईंनी त्यावर टूथपेस्ट फासली आणि वर दोष हिचाच. विचारते, मावशी, मुलांना किचनबंदी करू का?

बंदी कशाला गं. पण आधी तुझं काय चुकतंय ते सांगते, रागावू नको. सातला तू दमलेली, सगळ्यांना भुका लागलेल्या, कुकरच्या शिट्ट्या चालू, आणि त्यात पोरांच्या हातात लाटणं! ओरडणारच तू. रविवारी दुपारचा चहा झाला की घे त्यांना, आणि एकच पदार्थ.

श्रावण आलाच आता, नागपंचमीच्या पातोळ्यांपासून, हळदीच्या पानात वाफवतात त्या, सुरुवात कर. त्या दिवशी आपल्यात चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणजे कोणीतरी मुद्दाम पोरांसाठीच नियम केल्यासारखं. खोबरं आदल्या दिवशी खवून चून, म्हणजे गूळ-खोबऱ्याचं सारण, शिजवून गार करून ठेव, आणि आदोळी, म्हणजे विळी, काम झाल्या झाल्या उचलून वर ठेव, ती पोरांची वस्तू नव्हे. धाकटीला हळदीची पानं ओल्या फडक्याने पुसायला दे आणि मग वाटलेलं तांदळाचं पीठ बोटांनी पानावर पसरायला, एकीकडे जाड एकीकडे पातळ होईल, होऊ दे. थोरला चून भरून पान दुमडेल. अर्धं चून त्यांच्या पोटात जातं तेवढा गूळ जास्त धर, मी तर धरतेच. वाफवणं मात्र तुझं, आणि झाकण आपल्यापासून पलीकडच्या बाजूने उघड, वाफेने हात सोलवटून निघतो, तेव्हा मुलं दाराबाहेर हवीत.

आणि ते टूथपेस्ट बंद करा बाई! भाजलं की नळाखाली वाहत्या पाण्यात वीस मिनिटं, बर्फ नाही, हळद नाही. मोठा फोड आला किंवा तोंडावर भाजलं तर सरळ डॉक्टर. थोरल्याला हुमणाच्या, म्हणजे माशाच्या कालवणाच्या, मिरच्या निवडायला पण देऊ नको, तो हात डोळ्याला गेल्याशिवाय राहत नाही. हाताची आग नुसत्या पाण्याने जात नाही, आधी तेल चोळायचं मग साबण.

आता सासूबाई. किती वर्षं ते किचन त्यांचं एकटीचं होतं, तू त्यात मुलं घुसवलीस, त्यांना कोणी विचारलं पण नाही. खुर्ची टाकून बसव आणि म्हण, आई, पातोळ्यांच्या पिठाचं प्रमाण मला जमत नाही, तुम्हीच दाखवा ना मुलांना. बहुतेक खरंच जमत नसेल तुला! मुलाचं परत काढलं तर भांडू नको, हसत हसत विचार, देवळातला महाप्रसाद कोण रांधतं हो? सगळे बाप्येच ना.

आणि बाजारातून हळदीची पानं चार जास्तीची आण, धाकटी पुसताना दोन तरी फाडणारच.