आरतीतला काटा आणि वरळीचे बेडूक

मागच्या अंकात अक्कलदाढेबद्दल लिहिताना मी 'उत्क्रांती' हा शब्द एकदाच वापरला होता, आणि त्या एका शब्दावर एवढी पत्रं आणि मेल आलेत की या वेळचं सदर त्यालाच दिलंय. काही चिडून लिहिलेत, काही घाबरून, आणि बरेच जण खरंच गोंधळलेत. मी बत्तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजला बायो शिकवलं, घरी देवघर आहे, दीड दिवसाचा गणपती बसतो, तेव्हा हा गोंधळ मला परका नाही.

प्रश्न : मुलगा दहावीला आहे, स्टेट बोर्ड. सायन्स भाग दोनचा पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती', तो मोठ्याने वाचत होता आणि शनिवार असल्यामुळे सासूबाई मारुतीला तेल वाहून नुकत्याच आल्या होत्या. तो पटकन म्हणाला, आजी आपण सगळे माकडापासूनच झालो. त्या दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. क्लासच्या सरांना विचारलं तर म्हणाले पेपरपुरतं लिही, घरी विषय काढू नको. मी कोणाची बाजू घेऊ? — एक आई, दादर

बाजू कोणाचीच घेऊ नका, आधी मुलाचं वाक्य सुधारा, कारण ते चुकीचं आहे. आपण आजच्या माकडापासून झालेलो नाही. तुमच्या मुलाचा चुलत भाऊ असेल ना, तो काही त्याचा बाप नाही, पण दोघांचे आजोबा एक आहेत. तसंच हे, फक्त आजोबा फार फार मागे आहेत. आपला आणि चिंपांझीचा समाईक पूर्वज साधारण ६०-७० लाख वर्षांपूर्वी होऊन गेला, आणि नॅशनल पार्कात जी माकडं आपल्या हातातली वेफर्सची पिशवी पळवतात त्यांचा आणि आपला त्याच्याही मागे, अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी. तो पूर्वज आजच्या माकडासारखाही नव्हता आणि आपल्यासारखाही नव्हता. भाऊबंदकी म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला लागत नाही, सातबाऱ्यावर नाव नसलेले पण एकाच मूळपुरुषाचे किती जण निघतात, तसंच आहे.

आता आजींचं. त्यांना राग उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणाऱ्या डार्विनचा आलेला नाही हो, नातू आपल्या देवाला हसला असं त्यांना वाटलंय. मारुतीला आपण नमस्कार करतो तो शक्तीला, भक्तीला, सेवेला, प्राणिशास्त्राच्या पुस्तकात तो कुठल्या गटात बसतो ते बघून कोणी तेल वाहत नाही. हे त्यांना तुमच्या मुलानेच सांगू दे. आणि मग दोघांना शेजारी बसवून हे करायला लावा : हात टेबलावर ठेवायचा, तळवा वर, अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवायची आणि मनगट थोडं आत वळवायचं. मनगटाच्या मधोमध दोरीसारखं काहीतरी वर येईल. लोकांना ती शीर वाटते, पण तो एका लांब स्नायूचा कंडरा, म्हणजे टेंडन आहे. झाडावरून झाडावर जाणाऱ्या माकडांना तो स्नायू कामाचा, आपल्यात मात्र बहुतेकांना तो असतो, काहींना एकाच हाताला, काहींना नसतोच, आणि नसला तरी पकडीत काही फरक पडत नाही, म्हणून तर सर्जन तो काढून दुसरीकडे जोडायला वापरतात. धड्यात 'अवशेषांगे', म्हणजे एके काळी कामाचे पण आता बिनकामाचे उरलेले अवयव, म्हणून जे आहे ना, त्याचा हा भाऊच. माझ्या सासूबाईंच्या हातावर तो होता, माझ्या नाही, आणि त्यांनी 'बघ, मी तुझ्यापेक्षा जुनी आहे' असं म्हणून आठवडाभर सगळ्या शेजारणींची मनगटं तपासली होती.

क्लासच्या सरांचं मात्र मला अजिबात पटलं नाही. पेपरपुरतं लिही म्हणजे आपण मुलाला सांगतोय की शाळेत एक खरं आणि घरी दुसरं खरं असतं. सीबीएसईवाल्या मुलांकडे तर धडाच राहिला नाही, २०२३ मध्ये त्यांच्या, म्हणजे एनसीईआरटीच्या, दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला तेव्हा १८०० हून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी सह्या करून विरोध केला होता. बारावीला बायो घेतलं तरच पुढे तो भाग भेटतो, आणि किती मुलं बायो घेतात? आपल्या बोर्डाच्या पुस्तकात धडा आहे, तर तो नीट शिकवला गेला पाहिजे.

प्रश्न : मॅडम उत्क्रांती ही फक्त थिअरी आहे ना? प्रूव्ह झालेली नाही आणि कोणी डोळ्यांनी बघितलेली पण नाही. — एफवाय, भांडूप

आपल्याकडे थिअरी म्हणजे प्रॅक्टिकलच्या उलट, 'थिअरीत पास, प्रॅक्टिकलला नापास' म्हणतो तसं. त्यामुळे हा शब्द ऐकला की अंदाज असं डोक्यात येतं, यात तुझी चूक नाही. विज्ञानात थिअरी म्हणजे भरपूर पुराव्यांना एकत्र बांधणारं आणि पुन्हा पुन्हा तपासून टिकलेलं स्पष्टीकरण. रोग जंतूंमुळे होतात हीसुद्धा थिअरीच आहे, तरी आपण हात धुतोच ना.

आणि कोणी बघितली म्हणशील तर मुंबईने बघितलीय, रोज बघतेय. टीबी घे. एका पेशंटच्या फुप्फुसात कोट्यवधी जंतू असतात, त्यांच्या डीएनएच्या कॉप्या होताना अधूनमधून चुका होतात, आणि एखाद्या जंतूत नेमकी अशी चूक होते की औषध त्याला लागूच पडत नाही. ही चूक औषधामुळे होत नाही, ती आधीच झालेली असते, हे नीट लक्षात घे. औषध सुरू झालं की बाकीचे मरतात आणि हा उरतो, मग सगळी जागा त्याच्या पिल्लावळीची. याला नैसर्गिक निवड म्हणतात, निवडणारा कोणी खुर्चीवर बसलेला नाही, जे टिकलं ते वाढलं एवढंच. आणि म्हणूनच टीबीच्या सुरुवातीच्या कोर्सला एकदम चार औषधं देतात, कारण एकाच जंतूत चारही औषधांना चुकवणाऱ्या चुका एकदम होणं जवळजवळ अशक्य. म्हणजे हा कोर्स असा का आहे ते उत्क्रांतीशिवाय समजतच नाही. आमच्या जुन्या चाळीत एकाने दोन महिन्यांत बरं वाटायला लागलं म्हणून गोळ्या सोडल्या, पुन्हा खोकला सुरू झाला तेव्हा आधीची औषधं चालेनात, पुढची दोन वर्षं त्या घराने काय काढली ते मी बघितलंय. २०१२ च्या सुमारास तर मुंबईतल्याच डॉक्टरांनी असे पेशंट नोंदवले की ज्यांच्या टीबीवर तपासलेल्यांपैकी एकही औषध चालत नव्हतं. करोनाचं तर सांगायलाच नको, डेल्टा काय, ओमायक्रॉन काय, दोन वर्षांत तू स्वतः ही नावं पाठ केलीस.

मोठे बदल दिसत नाहीत म्हणशील, बरोबर, त्यांना लाखो वर्षं लागतात, तिथे जीवाश्म बघायचे. त्यासाठी लांब जायला नको. आपल्या वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेल्या गाळाच्या खडकात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे सापडलेत, ६ कोटींहून जास्त वर्षांपूर्वीचे. १८४७ साली लंडनला प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन केलं, डार्विनचं पुस्तक यायच्या १२ वर्षं आधी. म्हणजे आज जिथे सी लिंक वरळीला येऊन मिळतो त्या भागात तेव्हा गोड्या पाण्याची डबकी होती, त्यात बेडूक होते, कासवं होती, आणि माणूस यायला अजून ६ कोटी वर्षं होती. आपल्या जातीचे सगळ्यात जुने म्हणतात ते अवशेष मोरोक्कोत सापडलेत, ते जेमतेम ३ लाख वर्षांचे.

प्रश्न : आपल्या ऋषींना हे सर्व ठाऊक होते. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन हा क्रम म्हणजे उत्क्रांतीच नव्हे का? तसेच ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा आणि पृथ्वीचे वय ४५४ कोटी. हा योगायोग म्हणायचा? — निवृत्त अधिकारी, मुलुंड

काका, तुमचं पत्र चार पानी आहे आणि मनापासून लिहिलंय, म्हणून मीही मनापासून सांगते. मला दशावतार लहानपणापासून आवडतो, गावी दहीकाल्याला रात्र रात्र जागून बघितलाय. पण त्यात डार्विन शोधू नये असं मला वाटतं, आणि ते दशावताराच्याच भल्यासाठी. मासा, मग पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे वावरणारा, मग जमिनीवरचा, हा क्रम डोळ्यात भरतो खरा. पण आपण काही कासवापासून आलेलो नाही आणि डुकरापासूनही नाही, या वेगळ्या फांद्या आहेत. उत्क्रांती म्हणजे जिना नाही की एकेक पायरी चढत वर माणूस आला, ती वडाच्या झाडासारखी चहूकडे पसरलेली आहे आणि आपण तिच्या एका डहाळीवर. आणि अवतार हेतूने होतो, धर्माला ग्लानी आली की होतो, नैसर्गिक निवडीला हेतूच नसतो. कथेतली मुख्य गोष्ट जर हेतू असेल आणि आपण तीच काढून टाकली, तर कथेचं उरतं काय?

आकड्यांचं बघा. ४५४ वजा ४३२ म्हणजे २२ कोटी वर्षं. डायनासोर पहिल्यांदा आले साधारण २३ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे तुम्ही जो 'थोडासा फरक' म्हणताय त्यात डायनासोरांचा जवळजवळ सगळा काळ आणि त्यानंतर आजपर्यंतचं सगळं मावतं. शिवाय ४३२ कोटी हा पूर्ण कल्प, म्हणजे ब्रह्मदेवाचा अख्खा दिवस आहे, पंचांगाच्या गणिताने त्यातली अजून निम्मीसुद्धा झालेली नाहीत, जवळपास १९७ कोटीच झालीत, तर मग जुळवायचं कोणत्या आकड्याशी? पृथ्वीचं वय १९५६ साली क्लेअर पॅटरसन या शास्त्रज्ञाने उल्कांमधल्या शिशावरून मोजलं. आपल्या पूर्वजांचं मोठेपण वेगळं आहे, कोट्यवधी वर्षांचा काळ मनात धरायला ते घाबरले नाहीत. तेवढंच मला पुरेसं वाटतं. उद्या मोजमाप थोडं बदललं तर देव पण बदलायचा का? श्रद्धा अशी आकड्याला बांधून ठेवली की तिचे हाल होतात.

प्रश्न : मी आमच्या पॅरिशमध्ये मुलांना धर्मशिक्षण देते. आदाम-एवा शिकवून झालं की एखादा तरी विचारतो, टीचर मग डायनासोर? — मढ, मालाड

तुमच्या चर्चचीच भूमिका मुलांना सांगा. १९५० मध्ये पोप पायस बारावे यांनी माणसाच्या शरीराच्या उत्क्रांतीवर अभ्यास-चर्चा करायला हरकत नाही असं सांगितलं, आत्मा मात्र देवाकडून येतो हे धरून. १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे म्हणाले की उत्क्रांती आता नुसतं गृहीतक राहिलेली नाही. आनुवंशिकतेचे नियम शोधणारे मेंडेल तर संन्यासीच होते, मठाच्या बागेत वाटाण्यावर प्रयोग करून १८६६ साली त्यांनी ते छापले. आणि स्वतः डार्विन उतारवयात अज्ञेयवादी झाले होते तरी १८७९ च्या एका पत्रात त्यांनी लिहिलं की निस्सीम आस्तिक माणूस उत्क्रांती मानणारा असू शकतो, याबद्दल शंका घेणंच त्यांना विचित्र वाटतं. हो, बायबलमधले सृष्टीनिर्मितीचे सहा दिवस म्हणजे घड्याळाचे सहा दिवस असं धरलं तर मेळ बसणार नाही, हेही मुलांपासून लपवू नका.

प्रश्न : 'सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट' म्हणजे बळी तो कान पिळी, मग माणुसकीला अर्थ काय? — कुर्ला

नाही. इथे फिट म्हणजे जिमवाला फिट नाही, त्या त्या परिस्थितीत बसणारा. एकमेकांची पोरं सांभाळणारे, वाटून खाणारे प्राणीसुद्धा त्याच निवडीतून टिकलेत. आणि निसर्गात काय होतं ते वाचून आपण कसं वागायचं ते ठरत नसतं.

प्रश्न : तुम्ही स्वतः देव मानता का? एवढ्या जिवांचं मरण बघून? — नाव नको, अंधेरी

मानते. तुम्ही अंधेरीचे, तर गिल्बर्ट हिल माहीत असेलच. दर वर्षी अकरावीची एक बॅच मी तिथे न्यायचे. भोवती झोपड्या आणि टॉवर, मधे तो २०० फुटांचा काळा कातळ सरळ उभा, लाव्हा थंड होताना पडलेले उभे खांब अजून स्पष्ट दिसतात. वर गावदेवीचं देऊळ. मुलांना मी पायऱ्यांवर थांबवून कातळावर हात ठेवायला सांगायचे आणि म्हणायचे हा दगड तापून वाहत होता तेव्हा वरळीचे बेडूक साधारण त्याच काळातले. मग वर जाऊन आम्ही देवीला नमस्कार करायचो, ज्यांना करायचा नसेल ते वाऱ्याला उभे राहायचे. मला दोन्हीत कधी अडचण आली नाही.

मरणाचं तुम्ही विचारलंत ते सगळ्यात अवघड. डार्विनची लाडकी मुलगी ॲनी १८५१ मध्ये दहा वर्षांची होऊन गेली, आणि त्या घरातली आई, एमा, शेवटपर्यंत श्रद्धाळू राहिली, बापाची उरलीसुरली श्रद्धा मात्र गेली. मूल एकच, दुःख एकच. हा प्रश्न उत्क्रांतीने आणलेला नाही, पोटचं पोर गेलेल्या कुठल्याही आईने तो आधीच विचारलेला असतो, आणि त्यापुढे मी कोणाला तत्त्वज्ञान सांगत नाही, शेजारी जाऊन बसते.

माझ्यापुरतं सांगते. गणपतीत शेवटच्या आरतीला टाळांचा वेग वाढतो, घरातले सगळे एका सुरात येतात आणि माझ्या हातावर काटा येतो. तो का येतो ते मला माहीत आहे, प्रत्येक केसाच्या मुळाशी एक बारीकसा स्नायू असतो, थंडीत किंवा घाबरल्यावर मांजराची लव उभी राहते ती त्यानेच, आपली दाट लव गेली, स्नायू राहिले. हे मी पन्नासेक वेळा फळ्यावर काढून दाखवलंय. यंदाही कापूर लावला तेव्हा तो काटा आला, शेजारी नात होती, तिच्या हातावर पण होता. तिने विचारलं, आजी हे काय गं? मी आरती संपेपर्यंत थांबले आणि मग प्रसाद वाटता वाटता तिला मांजरापासून सगळं सांगितलं.